‘फक्त फॅमिली’ म्हणजे नकार नेमका कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी २७ वर्षांची, मूळची लातूरची, पुण्यात खराडीला नोकरी करते. एकटीसाठी वन बीएचके हवाय. सहा आठवड्यांत अकरा घरं पाहिली. बहुतेक ठिकाणी ‘फक्त फॅमिली’ ऐकून परत आली. एका ठिकाणी मालक तयार आहेत, तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात की बॅचलरला एनओसी मिळणार नाही. एजंटचा सल्ला असा, ‘डिसेंबरमध्ये लग्न आहे म्हणून सांगा, पुढचं मी बघतो.’ तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सोसायटी असं अडवू शकते का? खोटं सांगावं का? आणि मालक एकटी म्हणून जास्त डिपॉझिट मागताहेत, ते द्यावं का?

मी पुण्यात बावीस वर्षं भाड्याच्या घरांच्या कामात आहे. आधी एजंट होतो, आता फक्त करार नोंदवून देतो. करारावर अंगठा द्यायला दोन्ही पार्ट्या समोर बसतात आणि एकमेकांबद्दल जे तोंडावर बोलत नाहीत ते नंतर मला फोन करून सांगतात. त्या फोनांच्या जोरावर हे उत्तर लिहितोय.

कडू भाग आधी सांगून टाकतो. अविवाहित म्हणून घर नाकारणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. भेदभाव करू नये असं राज्यघटनेचा अनुच्छेद १५ सांगतो, पण मुख्यतः तो सरकारला सांगतो. दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक विहिरी यांचा उल्लेख त्यात आहे. खाजगी मालकाचा फ्लॅट त्यात येत नाही, आणि धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या यादीत ‘लग्न झालंय की नाही’ हे मुळातच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा पोटनियमसुद्धा ग्राह्य धरला होता. तो खटला सभासदत्वाचा होता, भाडेकरूचा नव्हे, पण वारं कुठल्या दिशेने वाहतं ते त्यावरून कळतं. म्हणून ‘मी कोर्टात जाईन’ हे वाक्य घर शोधताना वापरू नका. ते ऐकून मालक पुढच्या पार्टीला फोन लावतो.

मग हातात काय उरतं? माझ्या अनुभवात बरंच काही उरतं, फक्त आधी नकार कुणाचा आहे ते शोधावं लागतं. ‘बॅचलर चालणार नाही’ हे वाक्य कधी मालकाचं असतं, कधी कमिटीचं, तर कधी एजंटने स्वतःच्या सोयीने मालकाच्या तोंडी घातलेलं असतं. तिघांची कारणं वेगळी, म्हणून उत्तरंही वेगळी. पाहिलेल्या अकरा घरांपैकी किती मालकांशी तुम्ही स्वतः बोललात? माझा अंदाज तीन किंवा चार.

एजंटचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. फॅमिली असो की एकटी मुलगी, त्याची दलाली तेवढीच. फॅमिलीच्या बाबतीत दोन फोनमध्ये काम होतं, तुमच्या बाबतीत सात फोन करावे लागतात. म्हणून तो न विचारताच ‘मालक नाही म्हणतात’ सांगतो. हे मी स्वतः केलेलं आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो. उपाय एकच. घर दाखवायच्या आधी त्याला सांगा, ‘मालकांशी पाच मिनिटं बोलणं करून द्या, मग मी घर बघायला येते.’ टाळाटाळ केली तर तो एजंट सोडा, घर नव्हे. तेच घर दुसऱ्या एजंटकडे असण्याची शक्यता भरपूर असते.

आता मालक. त्यांची भीती समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य केलं. त्यातून सुटका म्हणून मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट काढली. घर भाड्याने दिलं असं म्हणायचंच नाही, वापरायची नुसती परवानगी दिली असं म्हणायचं. मग १९७३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. एका तारखेने कित्येकांची घरं अडकली. आज सत्तरीत असलेल्या मालकाने हे आपल्या घरात किंवा शेजारच्या वाड्यात पाहिलेलं असतं, आणि ‘ताबा जाईल’ ही धास्ती त्याने मुलाला वारशात दिलेली असते.

प्रत्यक्षात ती धास्ती आता जुनी झाली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. मालकापाशी हा विषय तुम्हीच काढा. विचित्र वाटेल, पण स्वतःहून ‘करार नोंदवूनच करू, म्हणजे कलम २४ चं संरक्षण तुम्हाला राहील’ असं म्हणणारी पार्टी मालकाला विरळाच भेटते. चेहरा बदलतो समोरच्याचा.

तरीही खरं सांगायचं तर बहुतेक मालकांना ताब्याची भीती नसतेच. त्यांना फोनची भीती असते. कर्वेनगरच्या एका निवृत्त गृहस्थांनी मला सांगितलं होतं, ‘राहणाऱ्या मुलांनी काही केलं नाही हो. पण खालच्या मजल्यावरच्या काकू दर रविवारी मला फोन करायच्या. पंधरा हजारांसाठी मी माझा रविवार का घालवू?’ त्यानंतर त्यांनी सहा महिने घर रिकामं ठेवलं, म्हणजे नव्वद हजारांवर पाणी सोडलं, पण रविवार वाचवला. मला हा हिशेब कधीच पटला नाही, मात्र तो खोटा नाही.

म्हणून मालकाला पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. विचारा, ‘याआधी कोण राहत होतं, आणि ते का गेले?’ नकाराचं खरं कारण बहुतेक वेळा या उत्तरात सापडतं. आधीच्या मुलांनी तीन महिन्यांचं लाइट बिल थकवून ठेवलं असेल, तर तुम्ही दर महिन्याला भरलेल्या बिलाचा स्क्रीनशॉट पाठवायची तयारी दाखवा. कुणी पंधरा दिवसांत अचानक सोडून गेलं असेल, तर सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तेवढे दिवस घर सोडणार नाही अशी अट, स्वतःहून द्या. पाहुण्यांवरून कटकट झाली असेल, तर ‘माझ्याबद्दल तक्रार आली की आधी मला फोन करा, त्याच दिवशी मी तुम्हाला उत्तर देईन’ एवढं म्हणा. ‘मी चांगल्या घरातली आहे’ याचा उपयोग होत नाही. ते सगळेच म्हणतात.

आई-वडिलांशी बोलायचंय असं मालक म्हणाले तर? सत्तावीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या माणसाला हा अपमान वाटतो, आणि तो आहेच. मुलग्यांना हे कमी विचारतात, हेही मी पाहतो. तरी माझं मत, फोन करून द्यावा. मालकाला त्यातून चारित्र्याचा दाखला हवा असेल तर तो चुकतोय. पण पुष्कळदा त्याला एवढंच हवं असतं की उद्या ही मुलगी आजारी पडली तर कुणाला कळवायचं. करारात ‘आपत्कालीन संपर्क’ म्हणून वडिलांचा नंबर घाला आणि विषय तिथेच थांबवा. वडिलांना सहलायसन्सधारक, म्हणजे करारात तुमच्या बरोबरीची पार्टी, करा असा आग्रह झाला तर मात्र विचार करा, कारण मग भाडं आणि नुकसानभरपाई या दोन्हीची जबाबदारी त्यांच्यावरही येते.

आता तुमचा खरा अडथळा, सेक्रेटरी. इथे आधी एक चौकशी करा. ती इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट? पुण्यात लोक दोन्हीला ‘सोसायटी’च म्हणतात. सहकारी संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्यावर आणि आपल्या नोंदवलेल्या पोटनियमांवर चालते. अपार्टमेंट १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्यावर आणि डीड ऑफ डिक्लरेशनवर, म्हणजे त्या इमारतीच्या नोंदवलेल्या घोषणापत्रावर. नियम वेगळे, तक्रारीची वाट वेगळी. पुढचं सगळं सहकारी संस्था धरून लिहितो.

सरकारच्या आदर्श पोटनियमांत भाडेकरू विवाहित असावा असं कुठेही नाही. सभासदाने फ्लॅट लायसन्सवर देताना संस्थेला आगाऊ कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, असा त्यांचा रोख आहे. म्हणजे कळवणं. पण बऱ्याच संस्थांनी जुने पोटनियम बदललेलेच नाहीत, आणि त्यात पूर्वपरवानगीची भाषा असते. म्हणून सेक्रेटरींशी वाद घालण्याऐवजी एक नम्र विनंती करायची, ‘हा नियम कुठल्या पोटनियमात आहे, त्याची प्रत मिळेल का?’ ही विनंती तुम्ही करायची नाही, मालकांनी करायची. कारण सभासद ते आहेत, तुम्ही नाही. बॅचलरबंदी पुष्कळ ठिकाणी पोटनियमात नसतेच. एखाद्या सभेत ‘सर्वानुमते ठरलं’ असं वहीत लिहिलेलं असतं, किंवा तेवढंही नसतं, नुसती पद्धत असते.

कायद्याची गंमत अशी की भांडण मालकाचं आणि त्रास तुमचा. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार सभासदाने करायची. तुमच्यासाठी मालक ती करेल का? अकरा महिन्यांच्या भाड्यासाठी, शेजाऱ्यांशी कायमचं वाकडं घेऊन? क्वचित. एकतर तिथे पूर्वी स्वतः राहून गेलेला आणि कमिटीशी जुना हिशेब असलेला मालक जोमाने भांडतो, नाहीतर तीन-चार फ्लॅट घेऊन ठेवलेला गुंतवणूकदार, ज्याला हा प्रश्न दरवर्षी पडतो. बाकीचे ‘बघतो’ म्हणतात आणि बघत नाहीत. त्यामुळे तुमच्या मालकांना सरळ विचारा, ‘सेक्रेटरी नाही म्हणाले तरी तुम्ही द्याल का?’ उत्तरात ‘तुम्हीच एकदा त्यांना भेटून बघा’ आलं, तर ते घर जवळजवळ गेलं असं समजा.

जवळजवळ म्हणालो, कारण सेक्रेटरींना भेटून काम झालेलं मी पुष्कळ वेळा पाहिलंय. सेक्रेटरी हा पगार नसलेला, शिव्या खाणारा माणूस. पार्किंग, पाण्याचा टँकर, कचरा आणि भाडेकरू या चार विषयांवर त्याला रोज कुणीतरी पकडतं. त्याला तुमच्या लग्नाशी देणंघेणं नसतं, पुढच्या सभेत आपल्याला कोण काय बोलेल याच्याशी असतं. भेटायला जाताना कंपनीच्या ओळखपत्राची प्रत, आधारची प्रत आणि गाडीचा नंबर घेऊन जा. गाडीचा नंबर विसरू नका. पार्किंगबद्दल आपणहून बोलणारा भाडेकरू त्याला आवडतो. शक्य असेल तर मालकांना सोबत घ्या, नाहीतर निदान त्यांचा फोन चालू ठेवा.

दोन गोष्टी मात्र ते सांगतील त्या तशाच मान्य करू नका. पहिली, ‘पोलिस एनओसी आणा.’ पोलिसांची परवानगी अशी काही चीज नसते. पोलिस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. त्यानुसार भाडेकरूची माहिती मालकाने पोलिसांना द्यायची असते. माहिती दिल्याची पोच म्हणजेच तो कागद. दुसरी, ‘बॅचलर असेल तर डबल चार्ज.’ मालक स्वतः राहत नसेल तर संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवाशुल्क २,५०० असेल तर २५० रुपये. राहणारा विवाहित की अविवाहित, याने तो आकडा बदलत नाही. शिवाय ते मालकाने भरायचं असतं, भाड्यात आधीच धरलंय का तेवढं विचारून घ्या.

खोटं सांगण्याबद्दल. एजंटला डिसेंबरपर्यंत दलाली मिळून गेलेली असेल, डिसेंबरमध्ये सेक्रेटरींना पत्रिका दाखवायची वेळ तुमच्यावर येईल. माझ्याकडे एक मुलगा आला होता, त्याने ‘बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय’ असं सांगून घर घेतलं. सोसायटीतल्या बायका चार महिने बारशाची विचारपूस करत राहिल्या. शेवटी तो स्वतःच घर सोडून गेला, लॉक-इनचा दंड भरून. हसू येतं, पण त्याचे चाळीस हजार गेले. आणि कराराच्या दृष्टीने पाहिलं तर राहणाऱ्यांची नावं करारात असतात. तिथे नसलेला नवरा किंवा भाऊ लिहिलात, तर मालकाला पुढे कधीही करार मोडायचं आयतं कारण तुम्हीच लिहून दिलंत असं होतं. न विचारलेलं सांगू नका, हे ठीक. विचारलेलं खोटं सांगू नका.

डिपॉझिट. महाराष्ट्रात लायसन्सच्या डिपॉझिटवर कायद्याची कमाल मर्यादा नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवलेली आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो दाखवून मालकाशी भांडता येत नाही. माझा सल्ला असा की जास्त भाडं आणि जास्त डिपॉझिट यांत निवड करायची वेळ आली तर डिपॉझिट वाढवा, कारण ते परत येतं. निदान यायला हवं. त्यासाठी तीन गोष्टी बघा. पूर्ण रक्कम बँकेतून द्या. पूर्ण रक्कम करारात लिहिलेली असू द्या, ‘वीस करारात, चाळीस रोख’ असलं काही मान्य करू नका. आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत मिळेल, रंगकामाचे किती कापणार, हे आकड्यांत लिहून घ्या. ‘नियमाप्रमाणे कपात’ या शब्दांनी आतापर्यंत जेवढी डिपॉझिटं गिळली आहेत तेवढी चोरांनी गिळली नसतील.

करार नोंदणीकृतच करा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी पुरते, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. देशात इतरत्र साधारणपणे एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नसते, अकरा महिन्यांची प्रथा तिथून आली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ मुदत बघतच नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड मालकाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोटरीवर अडून बसलेल्या मालकाला एवढं एकच वाक्य ऐकवा.

खर्चही फार नसतो. भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं २,२०,०००, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ५,५००, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी बहुतेक आमच्यासारख्यांची मजुरी, तिच्यावर घासाघीस करायला हरकत नाही. आधारवर अंगठा देऊन ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते.

करारातली पाहुण्यांची कलमं नीट वाचा. आवाज, कचरा, पार्किंग यांवरच्या अटी मान्य करा, त्या सगळ्यांनाच लागू असतात. ‘विरुद्धलिंगी व्यक्तीस प्रवेश नाही’ किंवा ‘रात्री दहानंतर कोणीही नको’ असं असेल तर खोडायला सांगा. तुमचा भाऊ रात्री अकराच्या गाडीने लातूरहून उतरला तर त्याने जायचं कुठे? हा प्रश्न मालकाला असाच विचारा. तत्त्वाची भाषा केलीत तर वाद वाढेल. भावाच्या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि कलम बदलून ‘मुक्कामी पाहुण्यांची आगाऊ कल्पना द्यावी’ एवढ्यावर येतं.

शोधाची जागाही थोडी बदलून बघा. वाघोली, खराडीच्या पुढच्या भागात नव्या इमारती आहेत, जिथे संस्था अजून स्थापन झालेली नाही आणि कारभार बिल्डरकडेच आहे. तिथे अडवायला कमिटीच नसते. लिफ्ट कधी बंद, पाणी कधी टँकरचं, ही त्याची किंमत. घर फक्त मोबाइलवर दाखवून ‘मी सैन्यात आहे, बदली झालीय, टोकनसाठी हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा माणूस मालक नसतो. टोकन देण्याआधी मालकाचं नाव इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, किंवा निदान मिळकतकराच्या पावतीवर पाहून घ्या.

राहता राहिलं तुमचं ते मालक तयार असलेलं घर. या आठवड्यात मालकांना एक पत्र तयार करून द्या, मजकूर तुम्हीच टाइप करा, त्यांनी सही करायची. ‘अमुक तारखेपासून फ्लॅट लायसन्सवर देत आहे, नोंदणीकृत करार व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोबत देईन, काही हरकत असल्यास पोटनियमाच्या क्रमांकासह लेखी कळवावे.’ दोन प्रती. एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. तोंडी ‘नाही’ म्हणायला सेक्रेटरींना काही लागत नाही, पण क्रमांकासह लेखी ‘नाही’ लिहायला त्यांना पोटनियमांचं पुस्तक उघडावं लागतं. पंधरा दिवस वाट बघा. तोवर टोकन देऊ नका, आणि त्या घरावर विसंबून बाकीची शोधाशोधही थांबवू नका. पत्रावर सही करायलाच मालकांनी टाळाटाळ केली, तर त्या घरात नकार सेक्रेटरींचा नव्हता, हे तुम्हाला पंधरा दिवस आधीच कळेल.